लॉन्च डे, बाटल्या आणि ‘मोटर’ या शब्दाचा घोळ

दर हिवाळ्यात आमच्या पुण्यातल्या क्लबच्या लॉन्च डेचे, म्हणजे रॉकेट उडवायच्या दिवसाचे, फोटो फिरले की एकच प्रश्न येतो, रॉकेट क्लब म्हणवता आणि अर्धा दिवस कोल्ड्रिंकच्या बाटल्या काय उडवताय. मग कोणीतरी चार ओळींत उत्तर देतं, त्यातून नवीन वाद निघतो आणि तो पुढच्या डिसेंबरपर्यंत पुरतो. म्हणून एकदा मागचं सगळं लिहून काढतोय. रॉकेट वर का जातं, पॅराशूटची घडी कशी घालायची वगैरे इथे नाहीये, ते तुम्हाला माहितीच आहे.

फार जुनं पटकन उरकतो. आपल्याकडे पेशवाईपर्यंत रॉकेटला बाणच म्हणायचे, जुन्या कागदांत बाण आणि बाणदार येतात त्यातले बरेचसे धनुष्याचे नाहीत, दारूचे आहेत. म्हैसूरवाल्यांनी नळी लोखंडाची केली म्हणून आत दाब जास्त धरता आला आणि पल्ला वाढला, १७८० ला पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांनी त्याचा मार खाल्ला, १७९९ ला श्रीरंगपट्टण पडल्यावर नमुने विलायतेला गेले आणि त्यावरून इंग्रजांचं काँग्रीव्ह रॉकेट निघालं. भाषणं करणारे इथेच अर्धा तास घालवतात. पण त्या बाणांचा आणि आपल्या लॉन्च डेचा संबंध नावापुरताच, कारण आपण मैदानावर जे करतो त्याचं मूळ अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या एका बुटांच्या दुकानात आहे.

दुकानदाराला शोभेच्या दारूचा नाद, भाऊ मॉडेल विमानं उडवणारा. भावाला रॉकेटवर भाषण देताना काहीतरी उडवून दाखवायचं होतं, म्हणून १९५४ ला दुकानदाराने कागदाची नळी, हलक्या लाकडाच्या फिन्स (शेपटाशी बसवायची पाती), बदलता येणारी मोटर (रॉकेटला वर ढकलणारी, दारू दाबून भरलेली छोटी नळी) आणि पॅराशूट असं सगळं जमवलं. ते तसंच पडून राहिलं असतं, पण १९५७ ला स्पुटनिक वर गेलं आणि तिकडची पोरं घराच्या तळघरात पाइपमध्ये काहीबाही ठासून रॉकेट बनवायला लागली. बोटं गेली, डोळे गेले. सरकारी रॉकेट तळावर काम करणाऱ्या एका इंजिनिअरने या अपघातांवर आधीच मासिकात लिहिलं होतं, ते वाचून दुकानदाराने त्याला आपलं मॉडेल पाठवलं. त्याच वर्षी हौशी लोकांची संघटना उभी राहिली, पुढे दीड-दोन वर्षांत फटाक्याच्या धंद्यातल्या एका घरातल्या मुलाने काही सेकंदांत एक मोटर दाबून काढणारं मशीन बनवलं, आणि झालं.

हे एवढं सांगायचं कारण, लॉन्च डेला जे जे नखरे वाटतात ते सगळे तिथून आलेत. धातूचा भाग नाही, कारण फुटला तर तुकडे अंगात घुसतात. बॅटरी आणि लांब वायरने इग्निशन, काडेपेटी नाही. मोटरची ताकद ए, बी, सी, डी अशी चढत जाते, डी मोटरपर्यंत पाच मीटर लांब उभं राहायचं, त्यावर नऊ मीटर. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही तर सेफ्टी की काढायची आणि एक मिनिट कोणी हलायचं नाही. हे एक मिनिट पाळायला सगळ्यात अवघड, आठवीतलं पोरगं दहाव्या सेकंदाला धावत सुटतं, आणि त्याच्यामागे त्याचे बाबा. वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर गेला की बंद. रॉकेट ज्या सळीवरून सुटतं तो रॉड उभ्यापासून ३० अंशांपेक्षा जास्त कलवायचा नाही. काउंटडाउन तेवढा मात्र सुरक्षेतून आलेला नाही, तो १९२९ च्या एका जर्मन मूकपटातला आहे.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट गेलं, चर्चमध्ये ऑफिस आणि सायकलवर रॉकेटचे भाग, तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. पण हौशी लोकांपर्यंत त्यातलं काही आलं नाही. पुण्यात आकाश बघणाऱ्यांची संस्था १९४४ पासून आहे, टेलिस्कोपचे आरसे घासणारी माणसं घराघरात निघतील, रॉकेटवाले मात्र नव्हते. आमच्या वेळेला कोणाचा तरी मामा अमेरिकेहून यायचा आणि सूटकेसमधून किट आणायचा. किट यायचं, मोटर यायची नाही, कारण ती विमानात नेताच येत नाही. त्यामुळे सदाशिव पेठेतल्या निदान दोन घरांच्या शोकेसमध्ये कधीच न उडालेली रॉकेट्स मी स्वतः पाहिलीत, एकाच्या नोज कोनवर, म्हणजे पुढच्या टोकावर, गणपतीतल्या रोषणाईची माळ गुंडाळलेली होती.

मग मोटरसाठी लोकांनी काय केलं, तर दिवाळीचं रॉकेट कापलं. इथूनच आपला खरा वाद सुरू होतो.

दिवाळीचं रॉकेट आणि मॉडेल रॉकेट बाहेरून भाऊभाऊ दिसतात, पण फटाक्यातलं रॉकेट वर जाऊन फुटायला बनवलेलं असतं, परत यायला नाही. त्याला सरळ ठेवायचं काम काडी करते, फिन्स नाहीत. एकाच बॉक्समधली दोन रॉकेट्स सारखी जळत नाहीत. आणि मोटरवर जो नंबर असतो, समजा ए८-३, त्यातला तो शेवटचा तीन इथे नसतोच. जळून झाल्यावर तीन सेकंद थांबून पॅराशूट ढकलायचं, हे त्या तीनचं काम. तो आकडाच नसेल तर छत्री एकतर पूर्ण वेगात उघडते आणि दोरा तुटतो, किंवा रॉकेट जमिनीत घुसल्यावर उघडते. शिवाय नळी कापताना घासून ठिणगी पडू शकते. आमच्यातल्या एकाच्या भुवया गेल्या होत्या, तळहाताला फोड आले होते, आणि घरी त्याने मिसळीचा रस्सा उडाला असं सांगितलं. साखर आणि सोरा वापरून स्वतः मोटर बनवणारेही होते, जिल्हाच साखरेचा, त्यात नवल काय, पण त्याचं वर्णन मी इथे करणार नाही.

मग बाहेरून रीतसर मोटर मागवायची म्हटलं तर शब्दापाशी अडतं. स्फोटकांचा कायदा १८८४ चा, आत्ताचे नियम २००८ चे. त्यात स्फोटकांचे आठ वर्ग आहेत, गनपावडर पहिला, दारूगोळा सहावा, फटाके सातवा. मॉडेल रॉकेटची साधी मोटर म्हणजे कागदाच्या नळीत दाबलेली गनपावडर, तर ती पहिल्यात की सातव्यात, आणि रॉकेट म्हटल्यावर कोणी सहाव्याकडे बोट दाखवलं तर? मॉडेल रॉकेट नावाचा कप्पाच नाही. अमेरिकेत ही मोटर फटाक्यांच्या नियमांतून वेगळी काढली आहे. आपल्याकडे ज्याला विचाराल तो आपापल्या परीने अर्थ लावतो, आणि अर्थ लावायची वेळ आली की माणूस नाही म्हणतो, त्यात त्याचं काही चुकत नाही.

मराठीत परवानगीचा अर्ज लिहायचा तर आणखी मजा. अग्निबाण लिहिलं तर पाठ्यपुस्तकातलं वाटतं (३० मे २०२४ ला श्रीहरिकोटाहून याच नावाचं खासगी रॉकेट उडालं, तेव्हापासून शब्दाला जरा बरे दिवस आलेत). प्रक्षेपण लिहिलं तर पुढचा माणूस क्षेपणास्त्र वाचतो, एका ठिकाणी आम्हाला खरोखर विचारलं होतं की याचा पल्ला किती. रॉकेट लिहिलं तर दिवाळी. आणि मोटर म्हटलं तर सासवडच्या पुढे ज्यांच्या माळावर आम्ही जायचो त्या काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “मोटर आणलीय? किती एचपीची?” बारा व्होल्टची बॅटरी बघून ते फार निराश झाले. इंजिन म्हणावं तर अमेरिकेतही मोटर का इंजिन यावरून भांडणं आहेत, किट विकणारे इंजिन म्हणतात, संघटनावाले मोटर.

या सगळ्यातून नऊ-दहा वर्षांपूर्वी क्लबच्या बैठकीत एक ठराव झाला, की लायसन्सवाल्या पुरवठादाराकडून कागदपत्रांसह आलेली मोटर असेल तरच ती उडेल, घरी बनवलेली आणि फटाक्यातून काढलेली अजिबात नाही, बाकी सगळा दिवस पाण्याच्या रॉकेटचा, म्हणजे त्या कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचा. बैठक एका गच्चीवर झाली, तीन तास चालली. जुने लोक म्हणाले पिचकारी उडवायला क्लब कशाला. दोघं सोडून गेले, त्यातले एक अजून बोलत नाहीत. मी ठरावाच्या बाजूने होतो, आजही आहे, त्यामुळे हे वाचताना तेवढं धरून चाला.

पाण्याचं रॉकेट म्हणजे पिचकारी नाही. मागे वस्तुमान फेकायचं आणि पुढे जायचं, हिशोब तोच आहे, फक्त जळणाऐवजी दाबलेली हवा पाण्याला ढकलते. दोन लिटरची बाटली, एक तृतीयांश पाणी, सायकलच्या पंपाने साठ-सत्तर पीएसआय दाब. लॉन्चर बोहरी आळीतल्या पीव्हीसी पाइपचा, स्विच आणि वायर तपकीर गल्लीतून, फिन्सचा सनबोर्ड अप्पा बळवंत चौकातून, सगळं मिळून एका पोराच्या खाऊच्या पैशात बसतं. फिन्स हॉट ग्लूने चिकटवायच्या नाहीत, बाटलीचं प्लास्टिक गरमीने मऊ पडतं आणि दाब दिला की नेमकी तिथेच फुटते. नवीन बाटली तपासायची तर काठोकाठ पाणी भरून दाब द्यायचा, पाणी दाबलं जात नाही म्हणून फुटली तरी नुसती चिरते, हवेने भरलेली फुटली तर बॉम्बसारखी जाते. म्हणजे शिस्त इथेही तीच लागते, दोरी ओढणारा लांब उभा, मोजणी, आणि नाही सुटलं तर थांबा.

ठरावाला दुसरंही कारण होतं, ते फारसं कोणी सांगत नाही. सी मोटरवर हलकं रॉकेट सहज दोनशे मीटरच्या वर जातं. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, नैर्ऋत्येला खडकवासल्याला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी, म्हणजे शहराच्या आसपास तेवढं मोकळं आकाश मिळणं कठीण. पाण्याचं रॉकेट चाळीस-पन्नास मीटरवर थांबतं. २०२१ ला ड्रोनचे नियम आले, त्यात विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवं, म्हणजे परवानगी न लागणारं, त्याच्या बाहेर ४०० फुटांपर्यंत. रॉकेट म्हणजे ड्रोन नाही आणि ते नियम आपल्यासाठी लिहिलेले नाहीत, पण जागा शोधताना आम्ही तो नकाशा अंदाजाला धरायला लागलो. आणि आग. फेब्रुवारीनंतर माळावरचं गवत इतकं वाळतं की एका गरम नळीने डोंगर पेटेल, पाण्याला ती भीती नाही.

नंतर दिवस पालटले. २०२० ला अंतराळ क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं, १८ नोव्हेंबर २०२२ ला पहिलं खासगी रॉकेट उडालं, २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं आणि तो राष्ट्रीय अंतराळ दिवस झाला. झालं, तेव्हापासून प्रत्येक शाळेला लॉन्च डे ऑगस्टमध्येच हवा. ऑगस्टमध्ये, पुण्यात! पुठ्ठ्याची नळी भुरभुर पावसात फुगते, फेविकॉल सुटतो, मोटरवाले कारच्या डिकीत बसून राहतात आणि बाहेर बाटल्या मजेत उडत असतात. २०२५ ला उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात विद्यार्थ्यांची राष्ट्रीय मॉडेल रॉकेट स्पर्धा झाली, त्यामुळे आता कॉलेजची पोरं विचारतात की तिकडे खऱ्या मोटरवर उडतं तर आपण अजून बाटल्यांत का. तिथे मोटर सरकारी देखरेखीखाली होत्या, क्लबच्या माळावर तसं नसतं. तरी ठराव परत चर्चेला घ्यावा अशी मागणी आहे आणि यंदा बहुतेक घ्यावा लागेल.

जागेचं म्हणाल तर सध्या आम्ही त्याच काकांच्या माळावर आहोत, फक्त दोन्ही बाजूंनी ऊस आलाय. उसात गेलं ते गेलं, पानं हात कापतात, आत शिरायचं नाही हा नियम आम्ही वेगळा लिहिलाय, जुन्नरकडच्या मित्रांकडे तर त्याला बिबट्याचं कारण आहे. तोड झाली की काकांचा फोन येतो. मागच्या वेळी त्यांनी चार नोज कोन आणि एक छत्री पिशवीत घालून दिली, बाटल्या मात्र ठेवून घेतल्या, बियाणं भरायला बऱ्या पडतात म्हणाले.