मिररमधली डिस्क मेली, की नुसती बाहेर पडली?

घरच्या कॉम्प्युटरवर दोन हार्ड डिस्क मिररमध्ये, म्हणजे रेड-१ करून, दोन्हींवर तोच डेटा राहील अशा लावल्या आहेत आणि एक दिवस सूचना येते: ‘डिग्रेडेड’. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये हेच ‘फेल्ड रिडंडन्सी’ म्हणून दिसतं. लिनक्सवर एमडीस्टॅट ही मिररची स्थिती दाखवणारी फाइल पाहिली, तर कंसात जिथे दोन ‘यू’ हवेत तिथे एकच असतो आणि शेजारी नुसती रेघ. बहुतेक जण लगेच नवी डिस्क मागवतात. दुकानदारही तेच सुचवतो, त्याचं काय जातंय?

पण सूचनेचा अर्थ एवढाच की मिररचा भार आता एकाच डिस्कवर आहे. दुसरी का गेली, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. एक शक्यता अशी, की डिस्कवरचे सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे छोटे कप्पे, वाचता येईनासे झालेत आणि ती मरणपंथाला लागलीय. दुसरी अशी, की डिस्क ठणठणीत आहे, पण तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल ढिली झालीय किंवा पॉवरचा कनेक्टर नीट बसत नाही. मदरबोर्डशी संपर्क तुटला म्हणून सिस्टिमने तिला मिररबाहेर काढलं. पहिलीवर इलाज नवी डिस्क. दुसरीवर शंभर-दीडशे रुपयांची केबल. केबलच्या दुखण्यावर नवी डिस्क आणली, तर साप साप म्हणून भुई धोपटल्यासारखं होतं. नवी डिस्कही त्याच केबलवर लागते आणि काही दिवसांत तीही बाहेर पडते.

निदानाआधी एक काम मात्र करायचंच. उरलेल्या डिस्कवरचा डेटा बाहेरच्या एखाद्या डिस्कवर उतरवून घ्या. मिरर पुन्हा जुळवताना या उरलेल्या डिस्कचा सेक्टर न् सेक्टर वाचला जातो. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने वाचली, तरी सात-साडेसात तास सलग राबते. दोन्ही डिस्क बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या असतात, म्हणजे वयही सारखंच.

आता मुख्य तपास. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. लिनक्सवर ती स्मार्टसीटीएलने दिसते, विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फोने. वर मोठ्या अक्षरांत ‘पास्ड’ किंवा ‘गुड’ लिहिलेलं असतं, त्यावर फारसा भरवसा ठेवू नका. खराब सेक्टर असलेल्या डिस्कही पुष्कळदा पास होतात. खाली उतरून चार ओळी शोधा आणि त्यांचा रॉ व्हॅल्यूचा, म्हणजे कच्च्या आकड्याचा, रकाना वाचा. ५ क्रमांकावर बदलून टाकलेले सेक्टर मोजलेले असतात, १९७ वर वाचता न आल्यामुळे निर्णय लांबणीवर पडलेले, आणि १९८ वर डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत न वाचता आलेले. या तीन ओळी डिस्कच्या पोटातलं सांगतात. १९९ ची ओळ मात्र केबलवरून येता-जाता बिघडलेल्या डेटाची, सीआरसी चुकांची मोजदाद आहे.

म्हणजे १९७ शून्य आणि १९९ चा आकडा मोठा दिसला, तर संशय केबलवर. १९७ वर काही डझन आणि १९९ शून्य, तर डिस्कच गेली म्हणायची. क्रिस्टलडिस्कइन्फोत एक गोम आहे. तिथे क्रमांक आणि रॉ आकडे मुळात हेक्सामध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या अंकपद्धतीत येतात, त्यामुळे १९७ ची ओळ ‘सी५’ नावाने सापडते, १९९ ची ‘सी७’ नावाने, आणि रॉ रकान्यातले ‘१०’ म्हणजे सोळा असतात.

लिनक्सचा कर्नल लॉग, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची नोंदवही, हीही बोलकी असते. त्रुटीच्या ओळीत ‘यूएनसी’ असेल तर सेक्टर वाचता आला नाही, दोष डिस्कचा. ‘आयसीआरसी’ किंवा ‘बॅडसीआरसी’ असेल तर वाटेत बिघाड. ‘लिंक डाउन’ दिसलं तर आधी कॅबिनेट उघडून कनेक्टर चाचपायचे. विंडोजमध्ये इतकं बारीक कळत नाही, पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये डायनॅमिक डिस्कपुढे (विंडोजच्या मिररमधल्या डिस्कला हेच नाव असतं) ‘मिसिंग’ लिहिलं असेल तर केबल आणि पॉवर आधी बघा. ‘ऑनलाइन (एरर्स)’ असेल तर स्मार्टकडे वळा.

खरी फसगत होते ती मधल्या प्रकारात. साधी डेस्कटॉप डिस्क एखादा अडलेला सेक्टर वाचायला मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त वेळ झटत बसू शकते. लिनक्स साधारण ३० सेकंद वाट बघतं आणि मग लिंक रीसेट करतं, म्हणजे डिस्कशी संपर्क तोडून पुन्हा जोडतं. लॉगमध्ये नुसते रीसेट दिसतात, माणूस केबल बदलतो, आणि मूळ दोष सेक्टरचाच असतो. अशा वेळी १९७ ची ओळच खरं सांगते. नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवण-पेटीसाठी, बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकतात, म्हणून मिररमध्ये त्या बऱ्या. काही डेस्कटॉप डिस्कवरही ही मर्यादा स्मार्टसीटीएलने घालता येते, पण बऱ्याच डिस्क वीज गेली की ती विसरतात.

दुसरी फसगत बरं झाल्याच्या भासाची. मरायला टेकलेली डिस्क मिररमध्ये परत घातली, की पूर्ण जुळवणीत तिच्यावर सगळीकडे नव्याने लिहिलं जातं. लांबणीवर पडलेले सेक्टर त्या लिहिण्यात निकाली निघतात: काही पुन्हा चालू लागतात, काहींच्या जागी राखीव सेक्टर येतात. १९७ शून्यावर येतो आणि लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. मग ५ चा आकडा पाहा. तो आठवड्याआठवड्याने चढत असेल, तर डिस्क निवांत जात चाललीय, एवढंच. वॉरंटी बाकी असेल तर माझ्या मते ती तेव्हाच बदलून घ्यावी.

१९९ चं वागणं उलट. तो आकडा कधी खाली येत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो तसाच दिसला म्हणून घाबरू नये. आजचा आकडा लिहून ठेवा, खटका असलेली नवी केबल लावा, मदरबोर्डवरचं पोर्ट बदला, पॉवरच्या वायरीत स्प्लिटर घुसवला असेल तर काढा. आठवड्याने आकडा जैसे थे असेल तर दुखणं गेलं. तपासापुरती का होईना, संशयित केबल चांगल्या डिस्कला लावून बघू नका. सध्या सगळा डेटा तिच्याच जिवावर आहे.

डिस्कला हात लावण्याआधी ती सीरियल नंबरवरून ओळखा. लिनक्स डिस्कना देतं ती एसडीए, एसडीबी ही नावं मशीन पुन्हा सुरू केल्यावर अदलाबदल होऊ शकतात. चुकून चांगली डिस्क उपसली आणि मशीन बाहेर पडलेल्या डिस्कवरून सुरू झालं, तर महिनाभरापूर्वीच्या फायली समोर येतील. ही शिळी प्रत ताजीवर चढवली तर आगीतून फुफाट्यात. लिनक्सवर एमडीएडीएम या मिरर सांभाळणाऱ्या कमांडने दोन्ही डिस्कचा ‘इव्हेंट्स’, म्हणजे मिररमधल्या बदलांचा, आकडा तपासावा. ज्याचा जास्त, ती सहसा ताजी. बाहेर पडलेली डिस्क निरोगी ठरली आणि मिररला बिटमॅप, म्हणजे कुठला भाग बदलला याची नोंद, असेल, तर ‘री-ॲड’ केल्यावर मधल्या काळात बदललेला भागच उतरतो आणि काम बहुधा मिनिटांत आटपतं. नव्या डिस्कला मात्र पूर्ण जुळवणी लागते. सिस्टिम त्याच मिररवर असेल तर नव्या डिस्कवर बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, हाही वेगळा टाकावा लागतो.

आणि दोन्ही डिस्कचा १९९ एकाच वेळी वाढत असेल, तर दोन केबल एकदम बिघडल्या असं सहसा नसतं. तिथे मदरबोर्डचा कंट्रोलर (डिस्कशी बोलणारी चिप) किंवा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, तपासायला घ्यावा, आणि बहुतेक घरांत एसएमपीएस बदलून बघणं त्यातल्या त्यात स्वस्त पडतं.