लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया

लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया हा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात १९६७ साली निकाली निघालेला खटला. गोऱ्या माणसाने बिगरगोऱ्या माणसाशी लग्न केलं तर तो गुन्हा, असं सांगणारे जेवढे कायदे त्या देशात तेव्हा शिल्लक होते ते सगळे या एका निकालाने मोडीत निघाले. लव्हिंग हे आडनाव आहे बरं का, प्रेमाचा खटला म्हणून कोणीतरी तसं नाव ठेवलं असेल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण नवऱ्याचं नावच रिचर्ड लव्हिंग होतं.

रिचर्ड गोरा, गवंडीकाम करणारा, मोटारींच्या शर्यतींचं वेड असलेला आणि मोजकंच बोलणारा. मिल्ड्रेड जेटरच्या घराण्यात कृष्णवर्णीय आणि रॅपाहॅनॉक जमातीचे मूळनिवासी असे दोन्ही पूर्वज. दोघंही व्हर्जिनिया राज्यातल्या कॅरोलाइन काउंटीमधल्या सेंट्रल पॉइंट नावाच्या खेड्यातले. या खेड्यात गोरे, काळे आणि मूळनिवासी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेजारी राहत होते, एकमेकांच्या शेतावर राबत होते, रिचर्डचा बाप तर एका कृष्णवर्णीय मालकाकडे कामाला होता. म्हणजे गावाला या जोडीचं फार नवल वाटावं असं काही नव्हतं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर रोटीव्यवहार चालू होता, कायद्याची सगळी आडकाठी होती ती बेटीव्यवहाराला.

मिल्ड्रेडला दिवस गेले तेव्हा दोघांनी लग्न करायचं ठरवलं. व्हर्जिनियात होणार नाही हे रिचर्डला माहीत होतं, म्हणून २ जून १९५८ ला ते देशाच्या राजधानीत, वॉशिंग्टनला गेले, तिथे अशी बंदी नव्हती. ती १८ वर्षांची, तो २४. लग्न लावून गावी परत आले, तिच्या आईवडिलांच्या घरात राहायला लागले आणि लग्नाचं सर्टिफिकेट फ्रेम करून झोपायच्या खोलीत भिंतीवर टांगलं.

११ जुलैच्या रात्री दोनच्या सुमाराला शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, गार्नेट ब्रुक्स आपल्या दोन माणसांना घेऊन थेट त्या खोलीत शिरला. कोणीतरी नाव न सांगता खबर दिलेली होती. दोघं गाढ झोपेत, डोळे उघडले ते तोंडावर टॉर्चचा उजेड. ही कोण बाई तुझ्याजवळ झोपलीये, असं शेरीफने विचारलं, मिल्ड्रेड म्हणाली मी यांची बायको आहे, भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवलं, तर शेरीफ म्हणाला ते इथे चालत नाही. कागद खरा होता, सहीशिक्क्याचा होता, आणि तोच पुरावा म्हणून त्यांच्यावर उलटला, कारण लग्न झालंय हाच तर गुन्हा! रिचर्डला बोलिंग ग्रीनच्या तुरुंगात एक रात्र काढावी लागली. गरोदर मिल्ड्रेडला मात्र कितीतरी दिवस आत ठेवलं. ही गोष्ट वाचताना मला दर वेळी इथेच थांबायला होतं, अठरा वर्षांची पोर, पोटात बाळ, आणि गुन्हा काय तर नवऱ्याच्या शेजारी झोपली होती.

कायदा नेमका काय होता

व्हर्जिनियात अशा लग्नांवरची बंदी १६९१ पासूनची, म्हणजे अमेरिका देश म्हणून जन्मायच्याही आधीची, इंग्रजांच्या वसाहतीच्या काळातली. पण लव्हिंग दांपत्याला ज्यात पकडलं तो कायदा १९२४ चा, वांशिक शुद्धतेचा कायदा असंच त्याचं नाव. त्या काळात माणसांची पैदास सुधारण्याच्या नावाखाली भलभलते सिद्धांत विज्ञान म्हणून खपवले जात होते, त्यातलंच हे पिल्लू. या कायद्याप्रमाणे गोरा कोण, तर ज्याच्या अंगात दुसऱ्या कुठल्याही वंशाचा अंशसुद्धा नाही तो. याला एकच अपवाद ठेवला होता. व्हर्जिनियातली काही बडी घराणी स्वतःला पोकाहॉन्टस या मूळनिवासी मुलीचे वंशज म्हणवून घ्यायची आणि नव्या कायद्याने तीच गोरेपणातून बाद झाली असती, मग त्यांच्यासाठी सोळाव्या हिश्श्यापर्यंत मूळनिवासी रक्त चालेल अशी पळवाट काढून दिली.

राज्याच्या जन्ममृत्यू नोंदणी खात्याचा प्रमुख वॉल्टर प्लेकर हा माणूस १९४६ पर्यंत त्या खुर्चीत बसून होता आणि मूळनिवासी लोकांच्या दाखल्यांवर ते कृष्णवर्णीय असल्याची नोंद करायची मोहीमच त्याने चालवली. कितीतरी कुटुंबांची ओळख अशी कागदावरून पुसली गेली. गोऱ्याने बिगरगोऱ्याशी लग्न केलं तर दोघांनाही एक ते पाच वर्षांची कैद, आणि बाहेरच्या राज्यात जाऊन लग्न करून परत आलात तरी तीच शिक्षा.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोम अशी की बंदी फक्त गोऱ्यांनी बिगरगोऱ्यांशी केलेल्या लग्नांना होती. कृष्णवर्णीय आणि चिनी किंवा चिनी आणि मूळनिवासी यांनी आपापसात लग्न केलं तर राज्याला काही देणंघेणं नव्हतं. पुढे सुप्रीम कोर्टात हाच मुद्दा राज्याच्या अंगाशी आला.

मग इतकी वर्षं हे कायदे टिकले कसे? तर १८८३ मध्ये पेस विरुद्ध अलाबामा या खटल्यात सुप्रीम कोर्टानेच सांगून ठेवलं होतं की शिक्षा गोऱ्यालाही तेवढीच आणि काळ्यालाही तेवढीच, मग भेदभाव कुठे झाला. ऐकायला बिनतोड वाटतं, पण दोघांना सारखीच शिक्षा दिली तरी ती दिली कशासाठी, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही. पहिली मोठी चीर पाडली कॅलिफोर्नियाने. १९४८ मध्ये आंद्रेया पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस या जोडप्याच्या खटल्यात तिथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी असा कायदा रद्द केला. (त्याआधी याच कॅलिफोर्नियात शेतीवर राबायला गेलेल्या पंजाबी माणसांनी मोठ्या संख्येने मेक्सिकन बायकांशी लग्नं केली होती, कारण परवाना देणाऱ्या कारकुनाला दोघांचा रंग साधारण सारखा दिसला की तो हरकत घ्यायचा नाही.) उलट व्हर्जिनियातल्याच एका चिनी खलाशाचं आणि त्याच्या गोऱ्या बायकोचं प्रकरण, नईम विरुद्ध नईम, १९५५-५६ मध्ये सर्वांत वरच्या दारापर्यंत म्हणजे वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन परत आलं. शाळांमधला वंशभेद रद्द केल्यावर आधीच दक्षिणेत आगडोंब उसळलेला, त्यात लग्नाचा विषय कशाला, म्हणून कोर्टाने अंग काढून घेतलं असंच बहुतेक अभ्यासक मानतात.

पंचवीस वर्षांची तडीपारी

६ जानेवारी १९५९ ला दोघांनी गुन्हा कबूल केला. न्यायाधीश लिऑन बझील यांनी एक वर्षाची कैद सुनावली आणि ती पंचवीस वर्षांसाठी स्थगित ठेवली, अट अशी की दोघांनी राज्य सोडायचं आणि पंचवीस वर्षं एकत्र परत यायचं नाही. तो एकटा आला तर चालेल, ती एकटी आली तरी चालेल, पण नवराबायको म्हणून मिळून यायचं नाही. याला आपल्याकडे तडीपारी म्हणतात आणि ती गुंडांना देतात.

दोघं वॉशिंग्टनला जाऊन राहिले. पदरात तीन मुलं. रिचर्ड मिळेल ते बांधकाम करायचा आणि मिल्ड्रेडचा जीव शहरात रमत नव्हता, मोकळ्या रानात वाढलेली बाई ती, मुलांना खेळायला अंगण नाही, त्यात एका मुलाला गाडीचा धक्का लागला. शेवटी १९६३ मध्ये तिने अमेरिकेचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिलं. नागरी हक्कांची चळवळ तेव्हा जोरात होती, नवा कायदा येणार अशी चर्चा होती, त्याचा आम्हाला काही उपयोग होईल का असं तिला विचारायचं होतं. तिकडून सल्ला आला की अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनला, म्हणजे नागरी स्वातंत्र्यासाठी कोर्टात लढणाऱ्या संस्थेला लिहा. त्या संस्थेला तिने जून १९६३ मध्ये लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. साधं, हाताने लिहिलेलं. त्यात ती म्हणते की माझे मिस्टर गोरे आहेत, मी थोडी कृष्णवर्णीय आणि थोडी मूळनिवासी आहे, तिथे राहता येणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे, पण अधूनमधून घरच्यांना, मित्रमंडळींना भेटायला जाता आलं तर बरं होईल. एवढंच! ना समतेची घोषणा, ना राज्यघटनेचं नाव, फक्त माहेरी-सासरी जाऊन यायची परवानगी. देशाचा कायदा बदलणारा खटला या मागणीतून उभा राहिला हे मला फार मोलाचं वाटतं.

पत्र पोचलं बर्नार्ड कोहेन यांच्याकडे, पुढे त्यांना फिलिप हर्शकॉप येऊन मिळाले. दोघंही तरुण, असल्या खटल्यांचा अनुभव नसलेले वकील. नोव्हेंबर १९६३ मध्ये त्यांनी शिक्षा रद्द करायचा अर्ज बझील यांच्यासमोरच दिला आणि जवळजवळ वर्षभर त्यावर काहीच हललं नाही. मग त्यांनी फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टात दावा ठोकला, तेव्हा कुठे जानेवारी १९६५ मध्ये बझील यांनी अर्ज फेटाळला. त्या आदेशात त्यांनी लिहिलं की सर्वशक्तिमान देवाने गोरे, काळे, पिवळे, मलाय आणि तांबडे असे वंश निर्माण केले आणि त्यांना वेगवेगळ्या खंडांवर ठेवलं, त्याअर्थी त्यांची सरमिसळ व्हावी असा देवाचा हेतू नव्हता. हे लिहिणारा गोरा न्यायाधीश ज्या मातीवर बसला होता ती मिल्ड्रेडच्या रॅपाहॅनॉक पूर्वजांची माती होती, हे त्यांच्या मनाला शिवलं नाही. मार्च १९६६ मध्ये व्हर्जिनियाच्या वरच्या कोर्टानेही कायदा वैधच ठरवला.

याच सुमाराला लाइफ मासिकाचे छायाचित्रकार ग्रे व्हिलेट या कुटुंबाकडे जाऊन राहिले होते. त्यांचा एक फोटो आहे, रिचर्ड सोफ्यावर आडवा पडलाय, डोकं मिल्ड्रेडच्या मांडीवर, आणि समोर टीव्ही बघत दोघं मनापासून हसतायत. खटल्यावरची सगळी कागदपत्रं बाजूला ठेवून आधी हा फोटो बघावा.

सुप्रीम कोर्टात

१० एप्रिल १९६७ ला सुनावणी झाली. लव्हिंग दांपत्य गेलंच नाही, त्यांना गर्दी आणि कॅमेरे नको होते. कोहेन यांनी रिचर्डला काय सांगू कोर्टाला असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, सांगा की माझं माझ्या बायकोवर प्रेम आहे आणि मला तिच्याबरोबर व्हर्जिनियात राहता येत नाही हा अन्याय आहे. कोहेन यांनी ते तसंच्या तसं न्यायाधीशांपुढे ठेवलं. त्याच युक्तिवादात त्यांनी झोपेचा मुद्दा मांडला, की या दोघांना रात्री निवांत झोपता आलं पाहिजे, सकाळी आपल्याला जाग आली नाही तरी मुलांना वारसाहक्क मिळेल आणि मागे राहील त्याला सरकारी पेन्शन मिळेल या भरवशावर. लग्न म्हणजे वारसा, पेन्शन, मुलांचं नाव, हे त्यांनी अगदी घरगुती भाषेत पटवलं. जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या संघटनेनेही पाठिंबा दिला, त्यांचे वकील विल्यम मारुतानी स्वतः उभे राहिले, कारण हे कायदे आशियाई लोकांनाही लागू होते. राज्याच्या वकिलांनी शिक्षा दोघांना सारखी हेच जुनं तुणतुणं वाजवलं आणि अशा जोडप्यांच्या मुलांचे हाल होतात असंही सांगून पाहिलं.

१२ जून १९६७. नऊपैकी नऊ न्यायाधीश एकमताने लव्हिंग दांपत्याच्या बाजूने. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकाल लिहिला, फार लांब नाही, आणि घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतल्या दोन्ही हमींवर तो उभा केला, कायद्यापुढे समानता आणि योग्य प्रक्रियेशिवाय स्वातंत्र्य हिरावून न घेण्याची हमी. त्यांनी नेमकं त्याच मुद्द्यावर बोट ठेवलं: बंदी फक्त गोऱ्यांच्या बिगरगोऱ्यांशी होणाऱ्या लग्नांना आहे, म्हणजे वंशांची शुद्धता वगैरे बहाणा आहे, खरा हेतू गोऱ्यांचं वर्चस्व टिकवायचा आहे. लग्न हा माणसाचा मूलभूत नागरी हक्क आहे, आणि दुसऱ्या वंशाच्या माणसाशी लग्न करायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, राज्याने नाही. त्या दिवशी १६ राज्यांत असे कायदे होते, ते सगळे निष्प्रभ झाले.

निष्प्रभ झाले पण पुस्तकातून लगेच गेले नाहीत. साउथ कॅरोलायनाने १९९८ मध्ये आपल्या घटनेतलं कलम काढलं आणि अलाबामाने थेट २००० मध्ये, तेही मतदान घेऊन, ज्यात सुमारे ४० टक्के लोकांनी ते कलम राहू द्या म्हणून मत दिलं. लोकांची मनं मात्र बदलली, गॅलप संस्थेच्या पाहणीत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला पाठिंबा देणारे १९५८ मध्ये ४ टक्के होते, २०२१ मध्ये ९४. समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या २०१५ च्या निकालातही याच खटल्याचा आधार पुन्हा पुन्हा घेतलेला दिसतो, आणि १२ जून हा दिवस अमेरिकेत बरेच जण लव्हिंग डे म्हणून साजरा करतात.

मराठी वाचकाला यात आपलं काही दिसणारच. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात हेच सांगितलं होतं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावल्यामुळे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय लग्नाला कायद्याने मान्यता दिली, व्हर्जिनियाने वांशिक शुद्धतेचा कायदा केला त्याच्या पाच वर्षं आधी. आपल्याकडे कायद्याने बंदी नाहीये, पण १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची जाहीर नोटीस लावावी लागते, आणि घरच्यांना न सांगता लग्न करू पाहणाऱ्या जोडप्यांना त्या तीस दिवसांचीच सगळ्यात जास्त धास्ती असते.

निकालानंतर लव्हिंग कुटुंब सेंट्रल पॉइंटला परतलं आणि रिचर्डने स्वतःच्या हाताने, सिमेंटच्या ठोकळ्यांचं घर बांधलं. २९ जून १९७५ ला एका दारू प्यायलेल्या ड्रायव्हरने त्यांच्या गाडीला धडक दिली, त्यात रिचर्ड गेला, ४१ वर्षांचा होता, आणि मिल्ड्रेडचा उजवा डोळा गेला. तिने परत लग्न केलं नाही. मुलाखती ती सहसा द्यायची नाही, आपण काही थोर केलं असं तिला कधी वाटलं नाही. २ मे २००८ ला ती वारली, रिचर्डने बांधलेल्या त्याच घरात. दोघांचीही थडगी सेंट्रल पॉइंटच्या चर्चच्या आवारात आहेत.