ब्रुसेलोसिसमधली हाडं-सांध्यांची दुखणी

ब्रुसेलोसिस हा गुरं-शेळ्यांकडून माणसाला होणारा जीवाणूंचा आजार, आणि माणसात तो ताप सोडून आणखी कुठे ठाण मांडत असेल तर सगळ्यात जास्त हाडं-सांध्यांत. जनावरांच्या डॉक्टरांकडे याच रोगाला सांसर्गिक गर्भपात म्हणतात, कारण त्याने गाभण जनावर गाभडतं, म्हणजे गाभ टाकतं. किती पेशंटना हाडांचा त्रास होतो याचे आकडे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत १० टक्क्यांपासून ८५ टक्क्यांपर्यंत जातात, कारण कोणी नुसतं सांधे दुखणं धरतं आणि कोणी एमआरआयमध्ये दिसलेलं नुकसानच मोजतं.

कोकणात हा आजार ओळखायला उशीर का होऊ शकतो ते आधी सांगायला हवं. पावसाळ्यात ताप आला की मलेरिया, डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) बघतात, दोडामार्गकडे माकडतापही बघतात, आणि ते बरोबरच आहे. पण या तपासण्या निगेटिव्ह आल्या, ताप चार दिवस उतरून परत संध्याकाळचा चढला, घामाने अंथरूण भिजलं, आणि कंबर धरली, तर कंबरेचं खापर भातलावणीवर फुटतं. महिनाभर चिखलात वाकून काम केलेल्या बाईची कंबर दुखणारच असं घरचेही म्हणतात, ती स्वतःही म्हणते, मग तेल चोळणं, शेक, उसण उतरवणं, हाडवैद्य, पेनकिलर यात दोन-तीन महिने जातात. गोठ्यातली गाय मागच्या महिन्यात गाभडली होती हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

जीवाणू येतो कुठून तर मुख्यतः दोन वाटांनी. एक म्हणजे न तापवलेलं दूध. धारोष्ण दूध अंगाला लागतं म्हणून पोरांना गोठ्यातच पेला भरून देतात, त्यात हा जीवाणू जिवंत असू शकतो, दूध उकळलं की तो मरतो. खरवस व्यवस्थित वाफवून शिजवलेला असेल तर त्याचीही भीती नाही, कच्चा चीक मात्र चाखू नये. दुसरी वाट म्हणजे वीण. गाय व्यायली, वार (गर्भवेष्टन) अडकली, रात्रीची वेळ, डॉक्टर यायला उशीर, मग घरातला जाणता माणूस कोपरापर्यंत खोबरेल तेल लावून उघड्या हातानेच वार ओढून काढतो. त्याच हाताला भात कापताना कोयतीने पडलेला चिरा असतो, चिखलाने फुटलेली कातडी असते, आणि गाभडलेल्या जनावराच्या वारेत आणि गर्भाच्या पाण्यात हे जीवाणू प्रचंड संख्येने असतात. ती वार पुढे व्हाळात (ओढ्यात) टाकली किंवा कुत्र्याने ओढून नेली की प्रश्न आणखी वाढतो. शेळ्या-मेंढ्यांतला ब्रुसेला मेलिटेन्सिस हा प्रकार माणसाला सगळ्यात जड जातो, गाई-म्हशींतला अबॉर्टस त्यामानाने सौम्य, पण हाडं दोन्ही धरतात.

१८८७ मध्ये डेव्हिड ब्रुस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जीवाणू वेगळा केला. तो शेळीच्या दुधातून येतो हे मात्र १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामित या माल्टातल्याच डॉक्टरांमुळे कळलं, शेळ्या दिसायला अगदी धडधाकट होत्या आणि त्यामुळेच कोणाला संशय आला नव्हता. आपल्याकडच्या गाईंचंही तेच आहे, साधारण शेवटच्या तीन महिन्यांत एकदा गाभ टाकते, पुढच्या खेपेला नीट विते, सगळे निर्धास्त होतात आणि ती दुधातून जीवाणू सोडतच राहते.

अंगात शिरल्यावर जीवाणू रक्तातल्या भक्षक पेशींच्या आतच लपून जगतो आणि त्यांच्याबरोबर यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा असा सगळीकडे फिरतो. मणक्यांना रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे तिथे तो सहज रुजतो.

तरुण पेशंटमध्ये बहुतेकदा कंबरेच्या मागचा सांधा धरतो, म्हणजे माकडहाडाच्या वर, जिथे कटीचं हाड कण्याला जोडलेलं असतं तो. बऱ्याचदा एकाच बाजूचा. दुखणं कुल्ल्यात आणि मांडीच्या मागे उतरतं म्हणून सायटिका समजलं जातं. डॉक्टर पेशंटला उताणं झोपवून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवतात आणि गुडघा खाली दाबतात, त्यावेळी मागच्या सांध्यात कळ उठली तर संशय त्या सांध्यावर जातो. याला कधी संधिवाताचाच प्रकार समजून स्टेरॉइड सुरू होतं, आणि जंतुसंसर्गात ते घातक आहे.

वय चाळिशीच्या पुढे गेलेल्यांत मणका जास्त धरतो, आणि खरी हानी इथेच होते. बहुधा कंबरेतला चौथा-पाचवा मणका. सुरुवात मणक्याच्या पुढच्या वरच्या कोपऱ्यापासून होते, तो कोपरा झिजतो आणि नंतर तिथेच पोपटाच्या चोचीसारखं हाड वाढलेलं एक्सरेत दिसतं. पण पहिले काही आठवडे एक्सरे साफ असतो, म्हणून 'एक्सरेत काही नाही, गॅप असेल थोडा' एवढ्यावर थांबू नये, लवकर दिसतं ते एमआरआयमध्ये. पू मज्जारज्जूकडे किंवा नसांकडे सरकला तर पायात मुंग्या, पाय लुळा पडणं, लघवी अडकणं असं होतं, आणि तेव्हा एक दिवसही घरी थांबायचं नसतं.

सगळ्यात मोठा घोळ टीबीशी होतो. आपल्याकडे मणक्याचा टीबी भरपूर, त्यामुळे ताप, वजन घटणं आणि मणक्यात दोष दिसला की टीबी वाटणं साहजिक आहे. फरक असा की टीबी बहुतेकदा पाठीच्या मधल्या किंवा पाठ-कंबरेच्या सांध्यावरच्या मणक्यांत, मणका चेपून कुबड येतं, पुवाचा गळू मोठा असतो. ब्रुसेलोसिसमध्ये मणक्याचा आकार बऱ्याचदा टिकतो आणि गळू असला तरी लहान. पण हे ठोकताळेच, खात्री तपासणीनेच. शिवाय टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं, त्यामुळे पेशंटला थोडं बरं वाटतं आणि चुकीचं निदान पक्कं होऊन बसतं.

गुडघा, खुबा, घोटाही सुजतो, मुलांत तर हेच जास्त. मूल लंगडतं, पाय टेकत नाही आणि अधूनमधून ताप, एवढंच असतं.

निदानासाठी रक्ताची 'रोज बेंगाल' नावाची आणि 'ट्यूब अॅग्लुटिनेशन' नावाची टेस्ट करतात, १:१६० किंवा त्यावर टायटर (रक्त किती पातळ केलं तरी टेस्ट पॉझिटिव्ह येते तो आकडा) आणि जोडीला लक्षणं असली की आजार धरतात. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जीवाणू लॅबमध्ये वाढवून बघणं, सगळ्यात खात्रीचं पण जीवाणू सावकाश वाढतो, आणि तो हवेतून तंत्रज्ञालाच लागू शकतो, म्हणून लॅबला आधी सांगून ठेवावं लागतं. साध्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी बऱ्याचदा नॉर्मलच असतात, त्यावर विसंबू नये.

उपचार एका औषधाने होत नाही. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सहा आठवडे, आणि त्याबरोबर स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दोन-तीन आठवडे किंवा रिफाम्पिसिन, ही नेहमीची पद्धत. मणका धरला असेल तर किमान बारा आठवडे. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला डॉक्सिसायक्लिन टाळून वेगळी औषधं देतात. दहा-पंधरा दिवसांत ताप जातो, कंबर हलकी होते आणि लोक गोळ्या सोडतात, मग सहा महिन्यांत आजार परत उभा राहतो. ऑपरेशन क्वचित लागतं, नस दबली किंवा गळू मोठा झाला तरच.

माणसासाठी वापरात लस नाही. गुरांसाठी आहे, ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना एकदाच टोचतात, २०१९ पासून केंद्राच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात तिचा समावेश आहे. गोऱ्ह्यांना आणि गाभण गाईला ती देत नाहीत. लसीतले जीवाणू जिवंत असतात, त्यामुळे टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर लगेच हात धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. गाय गाभडली तर हातमोजे घालूनच वार आणि गाभ उचलायचा, चुना टाकून खोल पुरायचा, गाईचं रक्त तपासायचं, आणि पुढच्या काही महिन्यांत घरात कोणाची कंबर धरली तर केसपेपर काढतानाच 'आमची गाय गाभडली होती' हे सांगायचं.