दुर्मिळ रेकॉर्डचा शोध, मराठवाड्यातील

जुन्या घरांतल्या, दुकानांतल्या आणि संस्थांच्या संग्रहांतून जपण्याजोग्या ग्रामोफोन तबकड्या हुडकणे, ओळखणे आणि सुखरूप बाहेर काढणे. यात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या येतात, तशाच व्हायनिलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, छोट्या ईपी आणि मोठ्या एलपीही. बोलताना सगळ्यांना ‘रेकॉर्ड’च म्हणतात, पण लाख आणि व्हायनिल यांची जात वेगळी आहे, आणि एकीचा उपचार दुसरीवर केला तर माल वाया जातो.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथल्या जुन्या पेटीत नाट्यपदे आणि अभंगांच्या शेजारी उर्दू गझल, कव्वाली आणि नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतिगीतांच्या तबकड्या निघतात. कागदी पाकिटावर विकणाऱ्या दुकानाचा छाप असतो. तो मुंबई-पुण्याचा आहे की हैदराबाद-सिकंदराबादचा, यावरून तबकडी कोणत्या वाटेने आली ते समजते. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. शोध घेताना या मार्गावरची संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड ही गावे आधी धरावीत, आडवळणाची खेडी नंतर. लातूर-धाराशिवच्या औसा, निलंगा, उमरगा पट्ट्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दगडमातीची घरे कोसळली. तिथे मूळ घरापेक्षा शहरात गेलेल्या नातेवाइकांकडे चौकशी करणे बरे.

संग्रह मुख्यतः तीन ठिकाणी सापडतात. पहिले ठिकाण म्हणजे वाड्यांतला माळा आणि संदूक. दुसरे लग्नकार्यात, जत्रेत, तंबूच्या टॉकीजबाहेर रेकॉर्ड लावणाऱ्या लाऊडस्पीकरवाल्यांचे कोठार. यांच्याकडे संख्या मोठी असते, पण तबकड्या शेकडो वेळा वाजलेल्या. त्यातही दुसरी बाजू क्वचित वाजवलेली सापडते, म्हणून दोन्ही बाजू पाहाव्यात. तिसरे ठिकाण भंगार आणि आठवडी बाजार, उदाहरणार्थ संभाजीनगरातला जाफर गेटचा रविवारचा बाजार. तिथे माल पहाटे लागतो आणि दुपारी बारानंतर उन्हात पडलेली एलपी घेण्यात अर्थ नसतो: व्हायनिल साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि काळा रंग ऊन चटकन शोषतो.

जुने म्हणजे दुर्मिळ, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. ‘शोले’च्या संवादांची पॉलिडोरची एलपी घरोघरी होती, ती आवडीने घ्यावी, दुर्मिळ म्हणून नाही. उलट चरणजित सिंग यांची सिंथेसायझरवर राग वाजवलेली १९८२ ची एलपी त्या वेळी फारशी खपलीच नाही, आणि २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाल्यावर मूळ प्रतीचा शोध सुरू झाला. दुर्मिळता येते ती कमी प्रती निघाल्यामुळे, किंवा निघालेल्या प्रती टिकल्या नाहीत म्हणून. भारतात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिल्या, युरोप-अमेरिकेत त्या बंद झाल्यावरही. म्हणूनच बीटल्सच्या भारतात छापलेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना जगभर मागणी आहे.

सर्वांत जुना थर ओळखायला सोपा. भारतातली पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात झाली. १९०८ च्या सुमारास तिथे कारखाना सुरू होईपर्यंत तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून छापून येत. त्यामुळे लेबलावर हॅनोव्हर असेल, किंवा तबकडीची एक बाजू कोरी असेल, तर ती लगेच बाजूला काढून मऊ कापडात ठेवावी. या काळात गायिका गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत सांगते. परदेशी कारखान्यातल्या माणसाला लेबल कोणते लावायचे ते कळावे यासाठी. मराठी तबकड्यांत यंग इंडिया या मुंबईच्या लेबलाकडे खास लक्ष द्यावे.

एलपीचे कव्हर पाहून निर्णय घेऊ नये. मराठवाड्यातल्या संग्रहांत कव्हर एकाचे आणि आत तबकडी दुसऱ्याची, हे नेहमीचेच. कव्हरवरचा क्रमांक, लेबलावरचा क्रमांक आणि लेबलालगतच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला साच्याचा क्रमांक असे तिन्ही वाचावेत. कव्हरचा आणि लेबलाचा क्रमांक एकच असायला हवा; साच्याचा क्रमांक वेगळ्या धर्तीचा असतो, त्यावरून कोणत्या साच्याची प्रत ते समजते. एचएमव्हीच्या एलपींत ईएएलपी आणि ईसीएलपी ही अक्षरे मोनोची, ईएएसडी आणि ईसीएसडी स्टीरिओची.

लाखेची तबकडी तपासायची रीत अशी: मधल्या भोकात बोट घालून ती हवेत धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या सांध्याने कडेवर हलकी टिचकी मारायची. धड असेल तर खणखणीत आवाज येतो. बारीक तडा असेल तर आवाज बद्द येतो, मग तो तडा डोळ्यांना दिसो न दिसो. नंतर एका बाजूने तिरपा उजेड पाडून खाचा पाहाव्यात. तान जोरात आहे तिथे राखाडी झाक दिसली, की पोलादी पिनेने खाच खाल्ली हे समजावे. धुण्याने हे जात नाही.

सापडलेली तबकडी तिथल्या तिथे वाजवून पाहण्याचा मोह टाळावा. माळवदाच्या घरात छतातून झरलेली पांढरी माती खाचांत बसलेली असते आणि तिचे कण सुईखाली कानस होतात. कोरड्या फडक्यानेही पुसू नये, त्याने कण घासले जातात. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने माती काढावी, मग धुवावे. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासण्याच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब पुरतात. शेवटी साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा. बोअरचे पाणी चालत नाही, त्यातला क्षार वाळल्यावर खाचांत पांढरा उरतो. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळते, मात्र ते ॲसिड नाही ना, हे पाहून घ्यावे. लेबलाला पाणी लागू देऊ नये. लाखेवर स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नये: लाख त्यात विरघळते. व्हायनिलवर ते पातळ करून चालते.

वाजवताना लाखेच्या तबकडीला सुमारे ३ मिल, म्हणजे ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. एलपीला १ मिल किंवा त्याहून बारीक. एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाशी पडते आणि फक्त खरखर देते. चावीच्या फोनोवर व्हायनिल लावले तर जड साउंडबॉक्स (पिन बसवलेले डोके) आणि पोलादी पिन एका फेरीत गाणे कायमचे खरवडून टाकतात.

दहा इंची लाखेची तबकडी सुमारे २०० ग्रॅमची, म्हणजे पन्नास तबकड्यांचे ओझे दहा किलो. एका खोक्यात वीस-पंचवीसच्या वर भरू नयेत, उभ्या ठेवाव्यात, मध्ये पुठ्ठा घालावा. आडव्या थप्पीत खालच्या तडकतात. एसटीने आणताना खोके टपावर चढवू नये, पायाशी ठेवावे. वाळवी लागलेली कव्हरे वेगळ्या पिशवीत बांधावीत, पण टाकू नयेत. मागच्या मजकुरावरून वादकांची नावे समजतात.

संग्रह फोडण्याआधी पूर्ण यादी करावी: लेबल, क्रमांक, दोन्ही बाजूंची गाणी, पाकिटावरचा छाप, आणि कोणत्या घरातून आले ते. चार चांगल्या तबकड्या उचलून बाकीच्या भंगारात घालणाऱ्यामुळे त्या घराने काय ऐकले हे कायमचे हरवते, आणि हे नुकसान तुटलेल्या तबकडीपेक्षा मोठे आहे. सौदा नगावर ठरवावा, किलोवर नको. तबकडी मौल्यवान दिसली तर मालकाला तसे आधी सांगावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना गाण्यांची नक्कल पेनड्राइव्हवर करून द्यावी. ती ऐकताना माळ्यावरच्या दुसऱ्या पेटीची आठवण त्यांनाच होते.