गती शिकवणाऱ्या हलत्या चित्रांची पार्श्वभूमी

तिरकं वर फेकलेल्या चेंडूचं अ‍ॅनिमेशन पाहा. वेगाचा बाण आखडत जातो, कलतो. त्वरणाचा बाण मात्र तसूभरही न बदलता खालीच रोखलेला राहतो, अगदी चेंडू सर्वोच्च बिंदूवर असतानाही. छापील आकृतीत नेमकं हेच निसटतं आणि 'सर्वोच्च बिंदूवर त्वरण शून्य' असं उत्तर हमखास लिहिलं जातं.

गती पडद्यावर दाखवण्याआधी ती टिपावी लागली. 1882 मध्ये फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी सेकंदाला 12 चित्रं घेणारी छायाचित्र-बंदूक बनवली. पुढे त्यांनी एकाच काचेवर लागोपाठच्या स्थिती उमटवल्या. सारख्या कालांतराने घेतलेल्या स्थितींमधलं अंतर वाढत गेलं की वेग वाढतोय, हे आता नुसत्या डोळ्यांना कळू लागलं. एमआयटीत 1956 साली सुरू झालेल्या पीएसएससी या शालेय भौतिकशास्त्राच्या प्रकल्पाने अशी स्ट्रोब छायाचित्रं, म्हणजे ठरावीक कालांतराने लखलखणाऱ्या दिव्याच्या उजेडात एकाच चित्रात टिपलेल्या स्थिती, पाठ्यपुस्तकात आणली. एक चेंडू नुसता सोडलेला, दुसरा त्याच क्षणी आडवा फेकलेला, आणि प्रत्येक लखलखाटाला दोन्ही एकाच उंचीवर! आडवी आणि उभी गती एकमेकींवर अवलंबून नसते, हे मला तरी कुठल्याच समीकरणात इतकं स्वच्छ दिसलेलं नाही.

संगणकाने काढलेल्या गतीच्या फिल्म 1960च्या दशकात बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत बनू लागल्या. 1980च्या दशकात कॅलटेकच्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी जिम ब्लिन यांनी केलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये तर सदिश (लांबी आणि दिशा दाखवणारे बाण) आणि समीकरणंही हलू लागली. पण पाहणारा अजून प्रेक्षकच होता.

माझ्या मते खरं वळण वेगळ्याच ठिकाणी आलं. शिक्षण-संशोधक आंद्रेआ डिसेसा यांनी लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या, पडद्यावर हलणाऱ्या कासवाला न्यूटनचे नियम लावले. मुलांनी त्याला 'धक्के' देऊन लक्ष्यावर न्यायचं. कासव वर सरकतंय, लक्ष्य उजवीकडे आहे. मुलं उजवीकडे धक्का देत आणि ते सरळ उजवीकडे वळेल असं धरून चालत. ते जायचं तिरकं, कारण आधीचा वेग पुसला जात नाही, नवा त्यात मिळवला जातो. सदिशांची बेरीज म्हणजे काय, हे इथे चुकूनच उमगतं. डिसेसांचा 1982चा शोधनिबंध याच अनुभवावर आहे.

1990च्या दशकात डेव्हिडसन कॉलेजमध्ये वोल्फगांग ख्रिश्चन यांच्या पुढाकाराने 'फिजलेट' हे छोटे जावा प्रोग्रॅम आले. त्यांवरच्या प्रश्नांत बहुतेक वेळा आकडे दिलेलेच नसत; अ‍ॅनिमेशन थांबवायचं, पुढेमागे न्यायचं, स्थान आणि वेळ स्वतः मोजायची. कोणती राशी मोजायची हे ठरवण्यातच निम्मं भौतिकशास्त्र असतं, म्हणून ही युक्ती मला फार मोलाची वाटते. 2002 मध्ये नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा विज्ञानाच्या हाताळता येणाऱ्या अ‍ॅनिमेशनचा प्रकल्प सुरू केला. पुढे ब्राउझरांनी जावाचा आधार काढून घेतला, कितीतरी जुनी अ‍ॅप्लेट (ब्राउझरमध्ये चालणारे असे छोटे जावा प्रोग्रॅम) जागच्या जागी बंद पडली, आणि त्यांतली बरीच एचटीएमएल5 या वेबच्या नव्या तंत्रात नव्याने लिहावी लागली.