वाळू किती, त्यावर समुद्रतळाचे रूप

उथळ समुद्रात भरती-ओहोटीचा प्रवाह साधारण दर ६ तास १२ मिनिटांनी उलटतो आणि प्रत्येक फेरीत तळावरची वाळू पुढे-मागे ओढतो. प्रवाह जोरदार असला की वाळूचे उंचवटेही मोठे होणार, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात प्रवाहाचा वेग आणि पाण्याची खोली सारखीच असूनही एके ठिकाणी तळावर वाळूचे पातळ पट्टे दिसतात, तर दुसरीकडे कित्येक मीटर उंचीच्या ‘वाळूच्या लाटा’ उभ्या असतात. हा फरक पुष्कळदा तिथे हलवण्याजोगी वाळू किती आहे यामुळे पडतो.

वाळू अगदीच थोडी असेल, तर गोट्यांच्या कठीण तळावर ती प्रवाहाच्या दिशेने लांबच लांब पट्ट्यांत पसरते; हे पट्टे काही किलोमीटर लांब असले तरी त्यांची जाडी अनेकदा एक मीटरही भरत नाही. वाळू थोडी वाढली की सुटे उंचवटे तयार होतात, आणि भरती किंवा ओहोटी यांपैकी एकीचा जोर अधिक असेल, तर त्यांना चंद्रकोरीचा आकार येतो. वाळवंटात वाळू कमी असताना वाराही हाच आकार घडवतो, हे साम्य मला फार विलक्षण वाटते.

वाळू मुबलक असली की वाळूच्या लाटा उभ्या राहतात. तळावर एखादा लहानसा उंचवटा आहे असे समजा. त्याच्यावरून भरतीचे पाणी एका बाजूने चढते आणि ओहोटीचे दुसऱ्या बाजूने. दोन्हींची गोळाबेरीज केली, तर तळालगत एक मंद प्रवाह शिल्लक उरतो, ज्याचा रोख दोन्हीकडून माथ्याकडे असतो. त्यामुळे कण थोडा थोडा वर सरकतो, तर गुरुत्वाकर्षण त्याला उतारावरून खाली ओढते. या ओढाताणीत फार जवळजवळचे उंचवटे टिकत नाहीत आणि शेकडो मीटर अंतरावरचे माथे वाढत जातात. मात्र वाढता माथा आपली वाळू शेजारच्या खोलगट भागातूनच घेतो. ती संपली की तिथे खालचे गोटे उघडे पडतात, आणि मग माथ्यांमधील अंतर वाढते व त्यांची नियमित रांग विस्कटते.

युरोपातील उत्तर समुद्राच्या दक्षिण भागात अशा लाटा विस्तीर्ण क्षेत्रावर पसरल्या आहेत. तिथली बरीचशी वाळू हिमयुगातील नद्यांनी आणि हिमनद्यांनी टाकलेली आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती आणि हा तळ कोरडी जमीन होता. आजच्या नद्या त्यात फारशी भर घालत नाहीत, म्हणून उपसलेली वाळू सहज भरून येईल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय या लाटा वर्षाला काही मीटर सरकू शकतात, त्यामुळे त्यांच्यात पुरलेली केबल किंवा वाहिनी कालांतराने उघडी पडते. अशा ठिकाणी तळाचा केवळ चढउतार मोजून भागत नाही. वाळूच्या आत शिरणाऱ्या ध्वनिलहरी सोडून गोट्यांचा थर किती खोलवर आहे, हेही पाहावे लागते.