जुना फॉरवर्ड आणि खाडीची भरती

ऐरोली-वाशीच्या खाडीकाठी कांदळवनातलं प्लास्टिक उचलायचं तर ओहोटीच गाठावी लागते. भरतीत मुळांना अडकलेल्या पिशव्या पाण्याखाली जातात आणि चिखलात उभं राहणंही धोक्याचं होतं. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. (तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत यावरच चालते.) आठवडाभरात हा फरक सहा तासांच्या आसपास जातो. म्हणजे गेल्या रविवारी ज्या वेळी ओहोटी होती, त्याच वेळी या रविवारी जवळजवळ पूर्ण भरती! आता सफाईची वेळ सांगणारा गेल्या आठवड्याचा मेसेज सोसायटीच्या, कॉलेजच्या ग्रुपवर फिरत फिरत शनिवारी रात्री कुणाच्या तरी फोनवर पोहोचला, तर तो बिचारा गमबूट घालून ऐन भरतीत हजर होणार.

फॉरवर्ड म्हणजे दर वेळी नवी प्रत. व्हॉट्सॲपवर मूळ मेसेज १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण तोवर पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. रुग्ण बरा होऊन घरी गेला तरी ‘तातडीने रक्त हवंय’ फिरत राहतं, ते यामुळेच. भारतात २०१८ साली एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. त्याने फैलावाचा वेग कमी होतो, शिळा मेसेज ताजा होत नाही.

यावर उपाय म्हणजे वेळापत्रक गुगल डॉक्स किंवा शीटमध्ये ठेवून त्याची लिंक पाठवणं. तिथे मूळ प्रत सर्व्हरवर एकच असते, आपण पाठवतो तो तिचा पत्ता. मग दोघांनी एकदमच त्यात हात घातला तर?

समजा, ओळ आहे ‘रविवार ७ वाजता’. सोयीसाठी एक अक्षर म्हणजे एक जागा धरू, मोकळी जागाही मोजू. ७ सहाव्या जागेवर आहे. कळव्याची ताई सुरुवातीला ‘येता ’ जोडते. त्याच क्षणी कोपरखैरण्याचा दादा सहाव्या जागी ८ करतो. दोन्ही आज्ञा डोळे मिटून पाळल्या तर हाती येईल ‘येता रवि८र ७ वाजता’. म्हणून सर्व्हर दादाची आज्ञा आधी बदलून घेतो: सुरुवातीला तीन जागा वाढल्या, तेव्हा सहावी नव्हे, नववी. क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी १९८९ साली मांडलेल्या या युक्तीला ‘ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन’ म्हणतात. कांदळवनात रेंज नसेल तेव्हा दुसरी पद्धत जास्त कामाची: प्रत्येक अक्षराला जागेऐवजी स्वतःची ओळख द्यायची. मग दोन फोनांवर वेगवेगळे झालेले बदल रेंज आल्यावर कुठल्याही क्रमाने जुळवले तरी निकाल एकच.

मात्र दोघांनी त्याच ७ चं वेगवेगळं काही केलं, तर यंत्र अक्षरं जुळवेल, ओहोटी नेमकी कधी हे त्याला कळणार नाही. तेवढ्यासाठी एक जबाबदार माणूस लागतोच.

आणखी एक. ‘लिंक असलेल्या कोणालाही’ ही परवानगी वेळापत्रकाला ठीक, स्वयंसेवकांचे फोन नंबर आणि देणगीदारांची नावं असलेल्या शीटला अजिबात नाही. त्या दोन शीट वेगळ्याच हव्यात. इन्स्टाग्राम, फेसबुक माणसं जमवायला उत्तम. तिथे फोटो टाका, खाली शीटची लिंक द्या, पण पोस्टरच्या चित्रात वेळ छापू नका.